काचेवर फुटलेलं मीठ

आमच्या घरी येणारा पाहुणा चहा हातात घ्यायच्या आधी हॉलमधल्या काचेच्या टाकीपाशी जातो, वाकून बघतो आणि विचारतो, "हे खात्यात का वो?" मी म्हणते, नाही. "मग पाळलेत कशाला?" दारात कुत्रा बांधणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. कुत्रा राखण तरी करतो, असं एकानं वर मलाच ऐकवलं. त्याच्या चहात साखर घालायची मी विसरले, आणि ते विसरणं मुद्दाम होतं.

मी रागीट आहे. माहेरी, म्हसवडला, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. सासरी कळायला वेळ लागला, कारण लग्नानंतरची बरीच वर्षं मी मूग गिळून काढली. नवरा तेव्हा लष्करात होता, वर्षातून एकदा रजेवर यायचा, आणि मी आष्ट्याजवळच्या गावात सासू-सासऱ्यांबरोबर राहायचे. आता तो निवृत्त होऊन एका साखर कारखान्यावर सुरक्षा अधिकारी आहे, मी कुपवाडच्या एका कारखान्यात तयार सुट्या भागांची तपासणी करते, आणि आम्ही दोघं सांगलीत राहतो. आम्हाला मूल नाही. हे मीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला माझ्या माघारी कुणाला विचारायला नको.

नणंद म्हणते, "वहिनींनी पोरांच्या जागी मासे पाळलेत." प्रेमानं म्हणते, पाठीवर हात ठेवून म्हणते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझे मासे कुणाच्या जागी नाहीत. ती टाकी आमच्या कारखान्याच्या मालकांनी केबिनमध्ये शोभेला ठेवली होती. त्यातले मासे मेल्यावर ती भंगारात निघाली, आणि मी ती टेंपोत घालून घरी आणली. का आणली, याला कारण एवढंच की मला ती आवडली. बाईला एखादी गोष्ट नुसती आवडते, हे लोकांना पटत का नाही, मला कळत नाही.

समुद्रातले मासे सांगलीत जगवायचे म्हणजे समुद्र घरी बनवावा लागतो. जेवणातलं मीठ चालत नाही, त्यासाठी वेगळं मीठ मिळतं. ते आरओच्या पाण्यात घालायचं, बादलीत पंप सोडून रात्रभर फिरवायचं, मग एका छोट्या दुर्बिणीसारख्या नळीत थेंब टाकून खारटपणा बघायचा. दर आठवड्याला टाकीतलं थोडं पाणी काढून हे नवं पाणी घालायचं. आणि रोज सकाळी, वाफ होऊन जेवढं पाणी कमी झालं असेल तेवढं, तांब्याभर गोडं पाणी वरून घालायचं. कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागंच राहतं. या तांब्याभर पाण्याबद्दल पुढं बोलायचं आहे.

मासे मी बुटके आणि शांत तेवढेच आणले. नारंगी-पांढरी एक जोडी, जी कुठल्याही पोराला चित्रातून माहीत असते. एक बारीक, शेपटीकडं लाल होत गेलेला, जो माणसाची सावली पडली तरी दगडातल्या बिळात शिरायचा. आणि रुपेरी अंगावर काळे पट्टे असलेली कार्डिनलची जोडी. दुकानात त्यांना हेच नाव आहे. ही जोडी एका जागी तरंगत राहायची, कुणाच्या वाटेला जायची नाही. शांत माशाचं एक वाईट असतं. त्याला त्रास झाला तरी तो दाखवत नाही, कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. तुमचं रोज लक्ष हवं.

गेल्या हिवाळ्यात कार्डिनलच्या नरानं तोंडात अंडी धरली. या जातीत मादी अंडी देते आणि नर ती सगळी तोंडात घेऊन फिरतो, पिल्लं होऊन ती जरा मोठी होईपर्यंत. तोवर तो घासभरही खात नाही. जबडा फुगलेला, ओठ मिटलेले, अंग दिवसेंदिवस बारीक. आधी दोनदा त्यानं अर्ध्यावर अंडी गिळून टाकली होती. या खेपेला धरून बसला. मी बाटलीत बारीक जिवंत खाद्य उबवायला लावलं, पिल्लांसाठी जाळीचा खोका शिवला. कारखान्यात हातात माप घ्यायचा गेज आणि डोक्यात तो मासा असायचा. मला ती पिल्लं बाहेर पडलेली बघायची होती.

त्याच दिवसांत सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत झालं, आणि ते आमच्याकडं राहायला आले. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं मामा म्हणते, नवरा आबा म्हणतो. सासू जाऊन काही वर्षं झालीत. डॉक्टरांनी त्यांना वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं बजावलं होतं, त्यामुळं ते दिवसभर काळा चष्मा लावून टाकीसमोरच्या खुर्चीत बसायचे. खोटं कशाला बोलू, पहिले काही दिवस मला बरं वाटलं. "खात्यात का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

"पोरी, ह्यो पट्ट्यापट्ट्याचा खाईना झालाय बघ," ते म्हणाले.

मी सांगितलं, तो नर आहे, तोंडात अंडी आहेत.

"बापय अंडी धरतंय?" ते इतके हसले की चष्म्याखालून पाणी आलं. "लय झालं की ह्ये!"

पण दोन-चार दिवसांनी त्यांचं हसू गेलं. त्यांना टाकीच्या कडेला पांढरा थर दिसला. पंपाचे तुषार उडून वाळतात, तिथं मीठ धरतं. ओल्या फडक्यानं पुसलं की जातं. माझ्या लेखी ती धूळ पुसण्याइतकी साधी गोष्ट होती. मामा मात्र खुर्चीतून उठून तिथं बोट लावून उभे राहिले, बोट जिभेला लावलं आणि थुंकले.

"मीठ फुटलंय," ते म्हणाले.

हे दोन शब्द आमच्या भागात कसे बोलले जातात, ते ऐकायला हवं. मामांचं अर्ध्याहून जास्त रान मिठानं गेलं आहे. नदीकाठची काळी जमीन, वर्षानुवर्षं ऊस, पाट भरून पाणी. आधी कडेला पांढरं दिसलं, मग मधे, मग उसाची उगवणच होईना, आणि शेवटी वेड्या बाभळी माजल्या. एक तुकडा मात्र त्यांनी परत आणला. चर खणले, भोकांचे पाइप पुरले, वरून गोडं पाणी सोडलं. मीठ विरघळून खाली उतरलं आणि पाइपातून ओढ्याला गेलं. त्या तुकड्यात पुन्हा हरभरा आला, तेव्हा त्यांनी पाहुण्यांत हरभऱ्याच्या पेंढ्या वाटल्या होत्या.

मी समजावलं. दोनदा समजावलं, आवाज न चढवता. "मामा, हे समुद्राचे मासे. ह्यांना खारंच पाणी लागतं."

"समुद्र बघितलाय की मी, गणपतीपुळ्याला. समुद्राला दुसरा काठ न्हाई. ह्ये डबकं हाय. डबक्यात मीठ साचत जातं. आन् तू बी रोज तांब्याभर गोडं पाणीच घालतीस की."

यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच मला उत्तर लांबलचक द्यावं लागलं. वाफेबद्दल सांगितलं, मोजायची नळी दाखवली. त्यांनी नळी डोळ्याला लावली, ऑपरेशनच्याच डोळ्याला, मी ओरडले, आणि समजावणं तिथंच राहिलं. पण शेवटी मी स्पष्ट सांगितलं होतं, "ह्यात कुणी हात घालायचा नाही." नवरा तिथंच पेपर वाचत बसला होता. त्यानं मान डोलावली होती.

दोन-तीन दिवसांनी नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी होती. मी कामावरून आले तर जिन्यात पाणी होतं. वर आले तर बाल्कनीतून पाइप आत गेलेला. एक पाइप न्हाणीच्या नळाला जोडून टाकीत सोडलेला, दुसरा टाकीच्या तळातून निघून बाल्कनीच्या मोरीत. वरून गोडं पाणी, खालून निचरा. तळाच्या पाइपाच्या तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं होतं, मासा ओढला जाऊ नये म्हणून. गाठ अगदी नीट मारलेली. मामा खुर्चीत बसून होते, आणि दुसरा पाइप हलू नये म्हणून धरून उभा होता माझा नवरा.

"ये, ये," मामा म्हणाले. "लय मीठ निघालं बघ. आता मोकळं हुतील."

टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि नळाच्या औषधाचा वास हॉलभर होता. बिळातला लाल शेपटीचा बिळातच मेला होता. मादी पंपाच्या जाळीला चिकटली होती. नर वाळूवर आडवा, कल्ले फडफडत, आणि त्याचं तोंड उघडं होतं. पुढ्यात वाळूवर पिल्लं पसरली होती. तांदळाच्या दाण्याएवढी, आणि त्यांच्यावर बापासारखे काळे पट्टे आलेले. ओकून टाकली होती त्यानं सगळी. अजून थोडे दिवस, एवढंच हवं होतं त्याला.

मी नळ बंद केला. बादलीत दुसऱ्या दिवशीसाठी फिरवत ठेवलेलं खारं पाणी होतं, पण ते एकदम ओतायची सोय नव्हती. गोड्या पाण्यात लोळागोळा झालेल्या माशाला एकदम खाऱ्यात टाकलं तर तोही एक धक्काच. एकेक मग, थांबून थांबून घालावं लागतं. डोकं तडकलेलं, आणि काम मात्र सावकाश करायचं. मी एक मग ओतायचे, थांबायचे, नळीत थेंब बघायचे, पुन्हा एक मग. नवरा मागं उभा राहून म्हणाला, "मी धरू का काही?" मी म्हटलं, "हात लावू नका." माझं ओतणं चालू असतानाच नराचे कल्ले थांबले. नारंगी जोडी तेवढी वाचली. ती जात चिवट असते, दुसरं काही कारण नाही.

मग मी बोलायला लागले.

नवऱ्याला विचारलं, "तुम्ही तर माझ्याबरोबर मीठ कालवता. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"अगं, आबा म्हणाले थोडं धुऊ. मला वाटलं थोडंच."

"आणि नळ कुणी सोडला?"

"आबांना नाही कसं म्हणायचं?"

"तोंडानं म्हणायचं!"

तो मान खाली घालून म्हणाला, "चांगल्यासाठीच केलं ना त्यांनी."

या शब्दाचं आणि माझं जुनं वैर आहे. लग्नाला काही वर्षं झाल्यावर, मूल व्हावं म्हणून, सासूनं कुठल्याशा वैदूकडून पूड आणली होती आणि रोज माझ्या दुधात कालवून दिली. मला कुणी सांगितलं नाही. उलट्या होऊन मी अंथरूण धरलं, तेव्हा डॉक्टरांच्या प्रश्नांवर हळूहळू बाहेर पडलं. मामांना ठाऊक होतं. नवरा त्या वेळी रजेवर आला होता, त्यालाही ठाऊक होतं. दुधाचा पेला रोज माझ्या हातात आणून देणारा तोच होता. तेव्हाही सगळे म्हणाले, चांगल्यासाठीच केलं. पोटाच्या आत काय चाललंय ते माझं, त्रास माझा, आणि माझ्या चांगल्याचा निवाडा करणारं अख्खं घर. त्या वेळी मी गप्प बसले. वाळूवर पडलेला तो मासा बघून मला पहिल्यांदा त्या दुधाची चव तोंडात आली, आणि खरं सांगते, मी घाबरले की आता माझ्या तोंडून काय निघेल.

निघालं ते मामांच्या दिशेनं. ते खुर्चीतून उठले होते, काळा चष्मा काढून हातात घेतला होता. "पोरी," ते म्हणाले, "मला वाटलं, मिठानं मरत्याल."

रागात माझी बोली थेट म्हसवडची होते. आमच्याकडं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघत माणसं म्हातारी होतात. मी म्हणाले, "मामा, तुमचं रान मिठानं न्हाई मेलं. तुमी पाणी पाजून पाजून मारलं त्येला. लय पाणी हुतं तुमच्याकडं, सोडत ऱ्हायलात. आन् आज ह्यांस्नी तसंच मारलं."

घरात असं कुणी त्यांना कधी बोललेलं नव्हतं. गावातही रान गेलेल्या माणसासमोर हे बोलत नाहीत. सगळे मिठाला शिव्या देतात, कालव्याला देतात, सरकारला देतात. नवरा म्हणाला, "अगं ए!" त्याचा आवाज मी इतका वर चढलेला ऐकला नव्हता.

मामांनी त्याला हातानं थांबवलं. "व्हय," ते म्हणाले. "म्हाइती हाय मला."

एवढंच. मग चष्मा लावून आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं कबूल केलं, आता तरी राग आवरायचा. उलट माझा राग दुप्पट झाला. माहीत होतं, तर मग माहीत असलेल्या माणसानं पाइप का जोडला? स्वतःच्या रानात जे शिकले ते माझ्या टाकीत का आठवलं नाही? आणि नवरा, त्याला तर टाकीतलं सगळं माहीत होतं. माहीत असणं आणि नळ सोडणं ही दोन्ही कामं एकाच माणसाला कशी जमतात, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पिल्लं मी चमच्यानं गोळा केली. कुंडीत पुरली नाहीत, काही नाही, कागदात गुंडाळून टाकली. नणंदेचा फोन आला. "वहिनी, माशापायी म्हाताऱ्या माणसाला बोललात?" मी म्हटलं, "हो." फोन ठेवताना ती म्हणाली, बाजारात दुसरे मिळतील की. मी पुन्हा हो म्हटलं, कारण मिळतात हे खरंच आहे.

त्यानंतर मामा राहिले तोवर मी त्यांचं सगळं केलं. डोळ्यात थेंब घातले, पथ्याचं जेवण केलं, गरम पाणी काढून दिलं. एक शब्द जास्त बोलले नाही. ते टाकीसमोर बसायचे बंद झाले, खुर्ची त्यांनी स्वतः ओढून खिडकीकडं नेली. नवरा रोज सकाळी मी न सांगता टाकीची कड पुसायला लागला. मी ते बघितलं आणि बघितल्याचं दाखवलं नाही.

डॉक्टरांनी जायला परवानगी दिली, त्या दिवशी नवऱ्यानं गाडी काढली. मामा उंबऱ्यापाशी पिशवी घेऊन थांबले. आमच्या घरात वडीलधारं माणूस निघालं की सुनेनं पाया पडायचं असतं. लग्नापासून मी दर खेपेला वाकत आले, आणि दर खेपेला त्यांनी डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "लेकुरवाळी हो." दवाखाने झाले, नवस झाले, ती पूड झाली, माझं वय उलटलं, पाळी गेली, तरी त्यांचं म्हणणं तेच. त्यांना दुसरा आशीर्वाद येत नसावा. मला तो डोक्यावर धोंडा ठेवल्यासारखा वाटत आला, आणि मी वाकत राहिले.

मी वाकले नाही. दाराची कडी धरून ताठ उभी राहिले. मामांचा हात सवयीनं वर आला, तोंड उघडलं, आणि समोर डोकं नाही हे त्या नव्या डोळ्यानं त्यांना दिसलं. हात हवेत राहिला. नवरा पायऱ्यांवरून म्हणाला, "अगं, आबा निघालेत." मी म्हटलं, "दिसतंय मला."

मामांनी हात खाली घेतला. "सावकाश चल रं," ते नवऱ्याला म्हणाले, आणि कठडा धरून उतरले. आशीर्वाद त्यांच्या तोंडातच राहिला. मी दार लावलं.